2004 ची रिओहा, शेवटी उघडली

गेल्या शनिवारी दादाने ती बाटली उघडली एकदाची. रिओहा, म्हणजे स्पेनच्या रिओहा भागातली रेड वाईन, ग्रॅन रिझर्व्हा, 2004 च्या द्राक्षांची. दादा 2012 मधे स्पेनहून घेऊन आलेला आणि तेव्हापासून पार्ल्याच्या घरी फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात पेपरात गुंडाळून आडवी पडून होती, कारण कपाटात ठेवली असती तर आपल्या मुंबईच्या दोन मे महिन्यांतच तिची वाट लागली असती.

ग्रॅन रिझर्व्हा म्हणजे बाजारात यायच्या आधीच कमीत कमी 5 वर्षं मुरवलेली, त्यातली 2 तरी ओकच्या पिंपात. द्राक्ष मुख्यतः टेम्प्रानियो. आणि 2004 हे तिकडे अधिकृतपणे 'उत्कृष्ट' ठरवलेलं साल, म्हणून तर इतकी वर्षं जपली.

शुक्रवारीच उभी करून ठेवलेली, गाळ खाली बसावा म्हणून. पण बूच! फ्रिजच्या कोरड्या हवेने वाळलेलं, अर्ध्यात तुटलं, उरलेलं आत पडलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. मग मलमलचा तुकडा लावून हळूहळू काचेच्या जगमधे गाळली, मागे दादा मोबाईलचा टॉर्च धरून, आणि तळाचा चहाच्या चोथ्यासारखा काळपट गाळ मानेपाशी आला तिथे थांबलो.

रंग बघून मी गप्पच झाले. नव्या रेड वाईनचा तो जांभळा रंग कुठेच नाही, ग्लास तिरका केला तर कडेला चक्क विटकरी. वर्षानुवर्षं टॅनिन, म्हणजे वाईनला तुरटपणा देणारा घटक, आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात, तोच तो गाळ, म्हणून रंगही उतरतो आणि कच्ची सुपारी चावल्यासारखा तो तुरटपणाही जातो.

पहिल्या वासाला काही विशेष नाही, बंद कपाटासारखा. वीस मिनिटांनी मात्र सुकवलेली अंजिरं, चामडं, तंबाखू, थोडा व्हॅनिला. आई घेत नाही, तिने नुसता वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर माझ्या आईच्या पानाच्या डब्याचा वास!" आणि खरंच, काताचा, लवंगेचा, जुन्या लाकडाचा, सगळा तोच. चव एकदम मऊ, शेवटी आमसुलासारखा आंबटपणा, तो अजून शाबूत होता म्हणूनच वाईन जिवंत वाटत होती.

जेवायला मुद्दाम आळणी मटण केलेलं. तांबड्या रश्श्यापुढे ही बिचारी टिकलीच नसती. माझं स्पष्ट मत आहे, अशी बाटली आठ-दहा जणांच्या पार्टीत काढूच नये, दोघा-तिघांनी टीव्ही बंद करून बसावं.

साडेनऊच्या सुमाराला वास उतरायला लागला, इतकी जुनी वाईन हवेत फार वेळ तग धरत नाही. दादाने ग्लास नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि जगमधलं उरलेलं दोघांत अर्धं अर्धं ओतलं.