भाऊबीज आणि २०७३ साल

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५

ओवाळून झालं, फराळाच्या ताटल्या हातात आल्या की आमच्याकडे राजकारण निघतंच. घरात पक्ष एकच. २०१४ पासून दादाचं, ह्यांचं आणि माझं मत मोदींना, यादीत नाव आल्यापासून भाच्याचंही. तरी आवाज चढतात. विरोधक समोर नसला की जास्तच, कारण मग सांभाळून बोलायला नको.

आज सुरुवात जीएसटीवरून. २२ सप्टेंबरला दर उतरले त्याचं दादाला कोण कौतुक! "पंचाहत्तरी झाली, पण माणूस थकत नाही बघ." भाचा चकली मोडत म्हणाला, "दर उतरवले ते छानच केलं, बाबा. पण केंद्राचा रुपया येतो कुठून ते बघितलंय का? चोवीस पैसे उधारीचे. आणि खर्चाच्या रुपयातले वीस पैसे नुसत्या व्याजात जातात. संरक्षणाला आठ." मोबाइलवर अर्थसंकल्पाचा तो गोल त्याने पुढेच धरला.

दादाकडे ऑइल बाँड तयार होते, म्हणजे आधीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी दिलेले कर्जरोखे. त्यांची पापं मोदींना फेडावी लागतात, वगैरे. खोटं नाही, २०१४ साली सव्वा लाख कोटींच्या वर बाँडांचं देणं शिल्लक होतंच. पण २०२०-२१ ह्या एका वर्षात पेट्रोल-डिझेलच्या अबकारी करातून केंद्राला तीन लाख कोटींहून जास्त मिळाले. आणि यंदाच्या अर्थसंकल्पात व्याजच पावणेतेरा लाख कोटींचं आहे. रस्ते, रेल्वे अशी सगळी भांडवली कामं धरून तरतूद साधारण सव्वाअकरा लाख कोटी. मी पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे असे दोन आकडे शेजारी दिसले की मला गप्प बसवत नाही.

हे म्हणाले, "घर बांधायला आपण नाही का कर्ज काढत?" काढतो, पण ते निवृत्तीआधी फेडायच्या बेताने. सरकार नवं काढतं नि जुनं भागवतं. सगळीच सरकारं तसं करतात, आणि कोविडच्या वर्षी जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेलेली तूट यंदा ४.४ वर आणायचं ठरवलंय, ह्याचं श्रेय मी देतेच.

मग भाच्याने रेवडी काढली, म्हणजे मतांसाठी सरकारी पैशाची फुकट खैरात. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेस वेचं उद्घाटन करताना मोदींनी रेवडी वाटण्याच्या राजकारणापासून सावध राहायला सांगितलं होतं, तेही खास तरुणांना. दोन वर्षांत आपल्याच युतीच्या सरकारने लाडकी बहीण आणली. यंदा त्यासाठी ३६ हजार कोटी, आणि राज्याची महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. "ते राज्याचं, मोदींचं नाही," हे म्हणाले. तो एक्स्प्रेस वेही उत्तर प्रदेश सरकारचाच, पण तो मात्र मोदींचा! माझी पंचाईत निराळीच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्या दीड हजारांतून मुलाच्या क्लासची फी भरली. ओटीपी येईना म्हणून त्यांचं ई-केवायसी परवा माझ्याच फोनसमोर बसून खटपट करत केलं. त्यांच्यासमोर रेवडी हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

सगळ्यात मजा पेन्शनची. दादा बांधकाम खात्यातून निवृत्त झाला, नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला, म्हणून त्याला ठरावीक रकमेची जुनी पेन्शन; नंतर लागलेल्यांना ती नाही. मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत त्याच्याच ऑफिसातली पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा देश बुडेल म्हणून सगळ्यात जास्त चिडलेला हाच. भाच्याने आज सरळ विचारलं, "तुमच्या पेन्शनने देश नाही बुडत, तो ह्यांच्याने बुडतो?" दादाने चहा मागितला.

भाच्याने सांगितलेलं एक मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये. २०२३ मध्ये केंद्राने पहिल्यांदाच पन्नास वर्षांचे रोखे विकले. मुद्दल परत करायचं २०७३ मध्ये. "मी तेव्हा बहात्तरचा असेन आत्या. आणि तोपर्यंत दर सहामाहीला व्याज."

पण ते व्याज जातं कोणाकडे? बाहेरच्या देशांकडे फारच थोडं. बरंचसं बँकांकडे, एलआयसीकडे, पीएफकडे. दादाने पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे टाकलेत, ८.२ टक्क्यांनी. ते पैसेही फिरून सरकारी उधारीतच जातात. म्हणजे दादा सरकारचा सावकार, आणि त्याचं तिमाही व्याज भरायला जो कर गोळा होतो त्यात भाच्याच्या बुटांवरचा जीएसटीही आला. पोरगा ज्या कर्जावर चिडतो त्यातल्या एका तुकड्याचा तो वारसदारही आहे. ज्यांच्या बापाची ठेवच नाही, त्या पोरांच्या वाट्याला मात्र नुसता करच. मावशींचा मुलगा त्यातलाच.

हे मी बोलून दाखवलं तर दादा म्हणाला, "मग काय, ठेव मोडू?" भाचा म्हणाला, "मोडू नका. पण पुढच्या वेळी प्रचाराला आले की एवढं तरी विचारा." विचारणार कोण, ह्यावर पुन्हा वाद. मत कोणाला द्यायचं ह्यावर मात्र आजही कोणाचंच दुमत नव्हतं.