एपकॉटमधली विलायत: राइड नाही म्हणून पुढे पळू नका

ऑर्लँडोला निघालेल्या मराठी मंडळींचे बेत पाहिले की एक गोष्ट हमखास दिसते. एपकॉट हा तिथल्या डिस्ने वर्ल्डमधला एक पार्क, त्यात तळ्याभोवती निरनिराळ्या देशांचे छोटे भाग उभे केले आहेत. एपकॉटच्या दिवशी नॉर्वे, फ्रान्स, मेक्सिको यांना भरपूर वेळ दिलेला असतो, कारण तिथे राइड आहेत. युनायटेड किंगडमपुढे मात्र ‘फोटो, दहा मिनिटं’ एवढंच. लाल टेलिफोन बूथमध्ये उभं राहायचं, एक फोटो काढायचा आणि चालू पडायचं. आम्ही या वेळी तिथे निवांत वेळ काढला. सोबत पुण्याहून आलेल्या सासूबाई होत्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सारखी ‘आता कुठली राइड?’ विचारणारा भाचा. सासूबाईंना हा भाग इतका आवडला की इटलीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. भाच्याचं मत वेगळं आहे, ते पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास, म्हणजे तिथे राइड का नाही ते कळेल. वॉल्ट डिस्ने यांच्या मनातलं एपकॉट म्हणजे माणसं खरोखर राहतील असं उद्याचं शहर. १९६६च्या डिसेंबरात ते वारले आणि ते शहर कागदावरच राहिलं. सत्तरच्या दशकात कंपनीपुढे दोन कल्पना होत्या, एक तंत्रज्ञानाच्या जगाची आणि दुसरी निरनिराळ्या देशांच्या कायमच्या प्रदर्शनाची. शेवटी दोन्हींची मॉडेलं टेबलावर एकमेकांना भिडवली आणि एकच पार्क करून टाकलं, असा किस्सा सांगतात. सुरुवातीच्या आराखड्यात सगळे देश एका अर्धगोलाकार इमारतीत, सारख्या रुंदीच्या दर्शनी भागांसह बसवायचे होते. ते मागे पडलं ते बरंच झालं. १ ऑक्टोबर १९८२ला एपकॉट उघडलं तेव्हा तळ्याभोवती नऊ देश होते आणि ब्रिटन त्यांतला एक. मोरोक्को १९८४मध्ये आला, नॉर्वे १९८८मध्ये.

आता पैशाची बाजू. ब्रिटनच्या भागात सुरुवातीपासून कंपन्यांची नावं दिसत: बास बिअर, लोकरी कपड्यांचं प्रिंगल, चिनी मातीच्या भांड्यांचं रॉयल डौल्टन, ट्वायनिंग्ज चहा. बिअर, स्वेटर, कपबश्या आणि चहा विकायचा तर पब लागतो आणि दुकानं लागतात, राइडचा बोगदा आणि होड्या लागत नाहीत. हा माझा तर्क आहे, पण तिथे फिरताना तो पटतो. २०१९मध्ये डिस्नेच्या ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटावर आधारित नवं आकर्षण इथे होणार अशी घोषणा झाली होती. कोविडमध्ये ते थांबलं आणि पुढे काही झालं नाही.

पण खरी मजा रचनेत आहे. बाकीच्या देशांकडे पाहा. फ्रान्सवर साधारण एक दशांश आकाराचा आयफेल टॉवर आहे, इटलीत व्हेनिसचा घंटामनोरा आणि तिथल्या डोजेचा, म्हणजे राज्यप्रमुखाचा, राजवाडा, चीनमध्ये बीजिंगचं स्वर्गमंदिर. प्रत्येकाने आपली पोस्टकार्डावरची इमारत पुढे केली आहे. ब्रिटनकडे बिग बेन होतं, टॉवर ब्रिज होता, पण त्यांतलं काहीच नाही. आहे तो एक साधा रस्ता: घरं, दुकानं, पब, मागे एक चौक आणि बाग. सासूबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, “अगं, व्हीटीसारखं काहीच कसं नाही इथे?” प्रश्न अगदी बरोबर होता. मुंबईत वाढलेल्या किंवा मुंबई पाहिलेल्या माणसाला ‘इंग्रजांची इमारत’ म्हटलं की फ्रेडरिक स्टीव्हन्सचं व्हीटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर आठवतो. टोकदार कमानी, दगडी जनावरं, घुमट. ते सगळं सरकारी, दरारा बसवणारं बांधकाम, साम्राज्य मिरवणारं. इथे उभं केलंय ते इंग्रजांचं घरगुती गाव, जे त्यांनी आपल्याला फारसं दाखवलं नाही. साम्राज्याचा इथे मागमूसही नाही. चहाच्या दुकानात दार्जिलिंग आणि आसाम लिहिलेले डबे तेवढे दिसतात, झालं.

माझा सल्ला असा की सुरुवात त्या चहाच्या दुकानापासूनच करा. नाव ‘द टी कॅडी’. शेक्सपिअरची बायको ॲन हॅथवे हिचं माहेरचं घर स्ट्रॅटफर्डजवळ शॉटरी गावात आहे, त्यावरून हे बेतलंय. गवताने शाकारलेलं छप्पर, आत जाड लाकडी तुळया, रुंद चूल. छपरासाठी मात्र गवत वापरलेलं नाही. आगीच्या नियमांमुळे तिथे प्लॅस्टिकचे, झाडूला असतात तसे तंतू लावले आहेत. हे माहीत असूनही खालून पाहिलं की फरक कळत नाही. सासूबाई कडेला उभं राहून बराच वेळ वर बघत होत्या. पागोळ्या पडतात तिथली कड एकसारखी कापलेली नाही, मुद्दाम थोडी वरखाली ठेवली आहे, हे त्यांनीच दाखवलं.

तिथून रस्त्यावर न येता दुकानातून दुकानात जा. दारं आतून जोडलेली आहेत, आणि एका दुकानातून दुसऱ्यात जाताना काळ पुढे सरकतो: सोळाव्या शतकातली झोपडी, मग सतराव्या शतकातलं लाकडी चौकटींचं दुमजली घर, मग गिलावा केलेलं, मग घडीव दगडाचं. घाईत माणसं फक्त टी-शर्ट बघत जातात. तुम्ही छत, खिडक्या आणि पायाखालची जमीन बघत जा. आतून झालं की बाहेर या आणि तीच रांग समोरून बघा. लाकडी चौकटींचं घर किंचित कललेलं आहे. शेकडो वर्षांत लाकूड वाळतं, पाया खचतो आणि घर एका अंगावर रेलतं, ते इथे पहिल्या दिवसापासून रेललेलं बांधलंय. धुराड्यांवर काजळी आहे, तीही ब्रशने रंगवलेली. फ्लोरिडाच्या उन्हात त्या धुराड्यांतून धूर कधी निघाला नसणार, पण काजळी कुठे जास्त साचेल, पावसाने कुठून ओघळेल याचा विचार करून रंगवली आहे. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी या एका धुराड्यासाठी डिस्नेला पैकीच्या पैकी दिले.

रस्त्याच्या याच बाजूला दोन मोठे दर्शनी भाग आहेत. लाल विटांचा, बुरूज असलेला भाग हॅम्प्टन कोर्टची आठवण देतो, आठव्या हेन्रीचा टेम्स काठचा राजवाडा. दुसरा दगडी, स्कॉटिश वळणाचा आहे तो ॲबट्सफर्डवरून, म्हणजे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या वाड्यावरून. त्याच्या आत खेळण्यांचं आणि आडनावांच्या कुलचिन्हांचं दुकान. आपली आडनावं तिथे सापडणार नाहीत, शोधत बसू नका. दुकानांची नावं आणि माल अधूनमधून बदलतो, तेव्हा अमुक कप मिळेलच म्हणून जाऊ नका. इमारती मात्र त्याच आहेत.

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, तळ्याकडे, आहे ‘रोझ अँड क्राउन’ पब. ही एकच इमारत चार बाजूंनी चार वेगवेगळे पब आहे आणि मला विचाराल तर अख्ख्या भागातलं सर्वांत हुशार काम हेच. रस्त्याकडून पाहिलं तर १८९०च्या दशकातला शहरी पब: लाकडी पॅनेल, नक्षी कोरलेल्या काचा, पितळ. वळून पुढे गेलात की विटांच्या भिंतीचं, फरसबंद अंगण, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘ये ओल्ड चेशायर चीझ’वरून घेतलेलं. मूळ पब १६६६च्या मोठ्या आगीत जळाला आणि १६६७मध्ये पुन्हा बांधला गेला, तोच तो डिकन्सच्या काळातही गजबजलेला पब. तिसरी बाजू खेड्यातल्या पबची, गिलाव्याच्या भिंती आणि कोपऱ्यांना घडीव दगड. चौथी पाण्याकडची, नदीकाठचा बसका दगडी पब, वर मातीची कौलं. चारही बाजू एका दमात दिसत नाहीत, हीच खुबी. प्रदक्षिणा घालावी लागते, आणि ती घालताना आपण शहरातून खेड्यात आणि खेड्यातून नदीवर पोचलो हे पायांना आधी कळतं.

पबच्या आत बसायला दोन सोयी आहेत. जेवणाच्या दालनासाठी आगाऊ आरक्षण लागतं, ते ६० दिवस आधी उघडतं, आणि तळ्याकाठची टेबलं आतषबाजीच्या वेळेला सोन्याच्या भावाची. बारच्या बाजूला आरक्षण नसतं, पण खुर्च्या मोजक्याच. दुपारी लवकर गेलात तर मिळतात. मद्य घ्यायचं असेल तर २१ वर्षं पुरी हवीत आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. आधार कार्ड दाखवून काही होणार नाही, आमच्यासमोर एकाने ते करून पाहिलं.

पबशेजारीच ‘यॉर्कशायर काउंटी फिश शॉप’ नावाची खिडकी आहे. तिथे फिश अँड चिप्स मिळतात, रांग लांब दिसली तरी भरभर सरकते. माशाला जाड, कुरकुरीत आवरण असतं. आपल्या रव्यातल्या सुरमईची सवय असलेल्याला ते जरा अंगावर येतं, पण वरून माल्ट व्हिनेगर शिंपडा, मग जमतं. शाकाहारी लोकांनी चिप्स घेण्याआधी तेल वेगळं आहे का ते विचारा. विचारल्यावर नीट उत्तर देतात, कपाळाला आठ्या पडत नाहीत. घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची बरणी आणि दारू नको. आमच्याकडे धपाटे होते. मागच्या बागेतल्या बाकावर बसून ते खाल्ले, समोर लंडनच्या चौकासारखी एका ओळीतली घरं. ही बाग बहुतेकांना सापडतच नाही, कारण ती रस्त्यावरून दिसत नाही, दुकानांच्या मधून मागे जावं लागतं. तिथे बँडस्टँड आहे, त्यावर संध्याकाळी बँड वाजतो. वेळा डिस्नेच्या ॲपवर बघा. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर इथली सावली आणि बाकं सोडू नका.

इथे काम करणारी तरुण मुलं ब्रिटनहून आलेली असतात. अमेरिकेचा ‘क्यू’ व्हिसा १९९०च्या कायद्याने आला, सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी, आणि त्याला लोक सर्रास डिस्ने व्हिसा म्हणतात. प्रत्येकाच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली गावाचं नाव असतं. ते वाचा आणि बोलायला लागा. आम्हाला बिल देणारा मुलगा लीड्सचा निघाला. भारतातून म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न वानखेडेबद्दल विचारला, आणि राइडसाठी रुसलेला भाचा तिथे जो चिकटला तो हलेना. मागे रांग वाढली तेव्हा दोघांना सोडवावं लागलं. लहान मुलांसाठी प्रत्येक देशात ‘किडकॉट’चं एक टेबल असतं, तिथे त्या देशाचं कार्ड फुकट मिळतं. तेही घ्या, मुलांना तेवढाच हेतू.

आता जाण्यायेण्याचं. तळ्याभोवतीचे देश साधारण सकाळी ११ला उघडतात, पार्कचा पुढचा भाग त्याआधी. मुख्य दारातून आलात तर मोठ्या चंदेरी गोलाखालून सरळ तळ्यापर्यंत या आणि उजवीकडे वळा. आधी कॅनडा, मग ब्रिटन. त्याहून सोपं म्हणजे इंटरनॅशनल गेटवे हे मागचं दार, जे ब्रिटन आणि फ्रान्सच्या मधोमध उघडतं. बोर्डवॉक, यॉट क्लब, बीच क्लब इथे उतरलेल्यांना ते पायी जवळ आहे, आणि २०१९पासून स्कायलायनर हा रोपवेही तिथेच येतो. तिथेच दोन देशांमधून एक छोटा कालवा जातो, ती इंग्लिश खाडी. पूल ओलांडला की फ्रान्स.

अकराला दार उघडताच पहिला देश हाच घ्या. टेलिफोन बूथ तेव्हा रिकामे असतात, दुपारी तिथे फोटोसाठी रांग लागते. पूर्ण तळ्याची फेरी साधारण दोन किलोमीटरची, शिवाय दुकानांत आतबाहेर, तेव्हा सासूबाईंना आम्ही चपला नाही, बूटच घालायला लावले. पाय थकले तर तळ्यावरून पलीकडे जायला बोटी आहेत. जून ते सप्टेंबरात दुपारी पाऊस ठरलेला, पोंचो घरूनच न्या, आत महाग पडतात. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फूड अँड वाइन फेस्टिव्हल असतो, त्यातले शनिवार-रविवार टाळा, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि धुराडी बघायला मान वर करायचीही सोय राहत नाही. वसंतातला फ्लॉवर अँड गार्डन फेस्टिव्हल या भागासाठी चांगला, कारण इथल्या बागा तेव्हा खुलतात.

रात्रीची आतषबाजी तळ्यावर होते आणि ब्रिटनच्या काठावरून छान दिसते. संपल्यावर मात्र मागच्या दाराने स्कायलायनरकडे जाणारी गर्दी एकदम लोटते. पंधरा-वीस मिनिटं पबच्या अंगणात रेंगाळा, मग निघा. विजा चमकत असतील तर रोपवे बंद ठेवतात, तेव्हा बसची वेळ आधीच पाहून ठेवा.