तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडीच्या घशात घरघर होते, काय देऊ?

पशुसखी म्हणून, म्हणजे गावातल्या जनावरं-कोंबड्यांची देखभाल शिकवणारी बाई म्हणून, सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर फिरताना एक प्रश्न मला घरोघरी ऐकायला मिळतो. “ताई, कोंबी घरघरता, काय देव?” विचारणारीला औषधाचं नाव हवं असतं. तेही लगेच, कारण दारातल्या दहा-बारा कोंबड्या म्हणजे तिच्या हातातला स्वतःचा पैसा असतो. तरी मी नाव सांगत नाही. घरघर काय किंवा चोच वासून श्वास घेणं काय, हे नुसतं लक्षण आहे. उष्मा, कोंदट खुराडं, घशातले जंत, देवी, सर्दी, मानमोडी, कशातही ते दिसतं, आणि यातल्या बऱ्याच कारणांवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही.

म्हणून मी आधी विचारते, चोच कधी वासते? मे महिन्यात भर दुपारी सगळ्याच कोंबड्या पंख अंगापासून सोडवून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील, आणि ऊन कलल्यावर परत चरायला लागत असतील, तर तो आजार नव्हे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगातली उष्णता तोंडातल्या ओलाव्यावाटे बाहेर जाते, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो ओलावा लवकर उडत नाही. सावली आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेलं गार पाणी एवढं तिला पुरतं. धाप लागून ती आडवीच पडली, तर मात्र लगेच गारव्याला न्या आणि पाय, तुरा ओले करा. पण पहाटे गारव्यातही ती मान लांब करून श्वास ओढत असेल, तर दुखणं आहे असं समजा.

ते ओळखायची माझी वेळ रात्रीची. कोंबड्या खुराड्यात शिरून निवांत झाल्या की बॅटरी न लावता दाराशी बसायचं आणि कान द्यायचा. दिवसाच्या कलकलाटात दबलेली खरखर, बारीक शिट्टी, मधूनच शिंक तेव्हा स्पष्ट ऐकू येते. एकीच्याच घशातून आवाज येतो की तिघी-चौघींच्या, हे तिथेच कळतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तिथे बसल्या बसल्या वासही घ्या. कोंबडी जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेते. आपण उभ्याने वास घेतला तर काही कळत नाही. खाली वाकल्यावर नाकाला झोंबलं, डोळे चुरचुरले, तर तो विष्ठेतला अमोनिया. त्याने श्वासनळीतली बारीक लव मरते आणि मग कुठलाही जंतू सहज आत शिरतो. पावसाळ्यात आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक खुराड्याची हीच गत असते. झड आत येऊ नये म्हणून आपण चारही बाजूंनी ताडपत्री आवळतो, आणि कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आतच राहते. चिऱ्याच्या भिंतीला पाणी सुटतं, खालचं तूस चिखलासारखं होतं. मूठभर तूस हातात घेऊन दाबा. गोळा वळला की ते त्याच दिवशी काढायचं, खाली विरलेला कोरडा चुना भुरभुरवायचा आणि वर कोरडं तूस पसरायचं. ताडपत्री फक्त पावसाच्या तोंडाला ठेवा आणि वाशांखालची वीतभर फट मोकळी सोडा, म्हणजे वाफ निघून जाते आणि बसलेल्या कोंबडीच्या अंगावर वारा येत नाही. मी हे इतक्या कळकळीने सांगते, कारण खुराडं कोरडं झाल्यावर औषधाविना घरघर थांबलेली मी पाहिली आहे.

बुरशी आलेला पेंढा किंवा तूस मात्र कधीच घालू नका, उन्हात वाळवूनही नाही. त्या बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात रुजतात. अशी पिल्लं घरघर न करता नुसती धापा टाकतात, आणि त्यावर परसातल्या माणसाच्या आवाक्यातला उपाय नाही.

यानंतर कोंबडी हातात घ्यावी. तिला काखेत धरून उजेडात चोच उघडा. जिभेच्या मुळाशी एक छोटी फट श्वासागणिक उघडमीट करताना दिसेल. ती श्वासनळी. इतकी पुढे, इतकी उघडी. म्हणूनच लसणीचा रस, खोबरेल, हळदीचं पाणी घशात ओतू नका. ओतलेलं सरळ फुप्फुसात उतरतं, आणि सर्दीने न मेलेली कोंबडी त्याने मरते. लसूण, हळद खाण्यात मिसळलीत तर माझी हरकत नाही.

तोंडात पिवळसर, चिकटलेले चट्टे दिसले तर ती आतली देवी. ती डासांमुळे पसरते. चट्टे खरवडू नका, रक्त येतं. तोंड स्वच्छ असेल, नाकही कोरडं, पण तलंग मान ताणून जांभया दिल्यासारखी करते आणि डोकं झटकते, तर श्वासनळीतल्या लाल जंतांचा संशय घ्या. पावसात वर आलेली गांडुळं खाऊन हे जंत पोटात जातात. त्यावर डॉक्टर फेनबेंडाझोलसारखं जंताचं औषध देतात. सर्दीच्या गोळ्या कितीही घातल्या तरी हे जंत हलत नाहीत.

डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आणि दिवसेंदिवस न हटणारी घरघर असेल, तर बहुतेक सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्माचा जुनाट आजार. चेहरा सुजून डोळा मिटला आणि नाकातल्या शेंबडाला घाण वास आला, तर कोरायझा. आठवडा बाजारातून आणलेली नवी कोंबडी थेट कळपात सोडली की दोन्ही आजार घरात येतात. नवी कोंबडी तीन-चार आठवडे मांगरात, म्हणजे बाजूच्या शेडात, वेगळी ठेवा आणि तिचं दाणापाणी शेवटी करा. अंड्यांची कवचं सुरकुतलेली, आतला पांढरा बलक पाण्यासारखा पातळ झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. विषाणूच्या ब्राँकायटिसची ती खूण असते.

आजारी कोंबडीला वेगळं, कोरडं, उबेत ठेवायचं. कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून नाक, डोळे पुसायचे. खाणं सुटलं तरी आजारी कोंबडी पाणी पिते, म्हणून औषध बहुतेक पाण्यातून असतं. ते रोज ताजं कालवायचं, आणि तेवढे दिवस दुसरं पाणी तिच्या वाटेत ठेवायचं नाही. टायलोसिन असो की टेट्रासायक्लिन, औषध आणि मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या; 1962 या जनावरांच्या मदतीच्या सरकारी फोनवरही विचारता येतं. शेजारणीकडची उरलेली पुडी नको. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबू नका, आणि अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत, हे न विसरता विचारा. सीआरडीतून उठलेली कोंबडी आतून जंतू बाळगून असते आणि तो अंड्यातून पिल्लात उतरतो. तिची अंडी रवणीला, म्हणजे उबवायला, बसवू नका, कितीही गुणाची कोंबडी असली तरी.

मानमोडीचं वेगळं आहे. 1927 मध्ये राणीखेतला सापडला म्हणून सरकारी कागदावर तो राणीखेत. धाप, हिरवी हगवण, मग पिळवटलेली मान. एकदा लागला की औषध नाही. इलाज लसीचाच: पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, महिन्याने पुन्हा, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी ही टोचायची लस. अडचण एवढीच की कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात आणि कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. तिथे वाडीने एकत्र यायला हवं. सकाळीच सगळ्यांची पिल्लं टोपल्यांखाली धरून ठेवायची, एकीने थर्मासमध्ये बर्फावर लस आणायची, आणि घरोघर थेंब घालत जायचं. माझ्या वाड्यांवर बायका हे स्वतः करतात. जिथे हे चालतं तिथे ऐन भरातला कळप एका आठवड्यात रिकामा झाल्याची रडारड मला ऐकावी लागत नाही.

एकामागोमाग कोंबड्या मरू लागल्या, तुरे काळेनिळे पडले, आसपास कावळेही मरून पडले, तर घरगुती काहीच करू नका. बर्ड फ्लू आपल्याला दूरचा नाही. 2006 मध्ये देशात तो पहिल्यांदा नवापुरात आला, आणि 2021 च्या जानेवारीत दापोलीच्या मेलेल्या कावळ्यांत सापडला. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, उरलेल्या कोंबड्या घाईने कापून खाऊ किंवा विकू नका. दवाखान्याला कळवा आणि डॉक्टर येईपर्यंत पोरांना खुराड्यापासून लांब ठेवा.

साध्या आजाराने एखादी मेली, तर ती ताजी असतानाच पिशवीत घालून, बर्फावर ठेवून दवाखान्यात न्या. शवविच्छेदनात कारण कळलं तर बाकीच्या वाचवता येतात. ते जमत नसेल तर खोल खड्डा, वर चुना, वर माती आणि कुत्र्याने उकरू नये म्हणून एक चिरा. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, टाकू नका, खालच्या वाडीतल्या कोंबड्या तेच पाणी पितात.