जास्तीचे दोन खण

वाईतला आमचा वाडा पाडला गेला तेव्हा मी पुण्यात एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढण्याची नोकरी करत होते. लोकांच्या फ्लॅटमधल्या न्हाणीघराचे दार आत उघडावे की बाहेर, यावर मी दिवसच्या दिवस घालवले. आपल्या वाड्याची मापे घेण्याचे मात्र कधी सुचले नाही. त्यामुळे गेल्या वर्षी वाड्यावर लाकूडठशांची, म्हणजे लाकडी फळीवर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांची, मालिका करायला घेतली तेव्हा हाताशी आठवणीखेरीज काही नव्हते.

जुन्या घराचे माप खणांत सांगतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि आमच्याकडे तो पाच फुटांच्या आसपास होता, असे आई सांगते. मी चौकामागची ओळ डोळे मिटून चालत गेले. कोठीची खोली दोन खण, माजघर चार, देवघर एक, स्वयंपाकघर चार. एकूण अकरा. मग सिटी सर्व्हेच्या नकाशाची प्रत मिळवली. त्यात खोल्या नसतात, नुसती बाह्यरेषा असते. पण भिंतींची जाडी वजा जाता तिथे रुंदी भरली ४५ फूट, म्हणजे नऊच खण. दोन खण जास्तीचे होते.

लहानपणी सगळेच मोठे दिसते, असे यावर कोणीही म्हणेल. मला ते पटले नाही, कारण मी लांबी आठवत नव्हते, खांब मोजत होते. मुलाच्या नजरेला खांब जाडजूड वाटेल, उंच वाटेल, पण एकाचे दोन कसे होतील?

कचेरीतली सवय अशी की बेरीज जुळत नसेल तर कुठली तरी खोली आखडून घ्यायची. तसे एक रेखाटन मी केलेही. ते अचूक होते आणि त्यात आमचे घर नव्हते.

त्या दिवसांत मी झरीना यांची चित्रे पुन्हा पाहत होते. १९३७ साली अलीगढला जन्मलेल्या, गणित शिकलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या या मुद्राचित्रकर्तीने वडिलांच्या घराचा आराखडा पुन्हापुन्हा छापला. १९९९ मधल्या त्यांच्या एका मालिकेत ३६ लाकूडठसे आहेत आणि प्रत्येकाखाली घर, उंबरठा असा एकेक उर्दू शब्द आहे. त्यांच्या रेषा इतक्या मोजक्या आहेत की तिथे मापाची चूक शोधणेच व्यर्थ वाटते. याउलट रेचल व्हाइटरीड यांनी १९९३ मध्ये पूर्व लंडनमधल्या एका घरात आतून काँक्रीटचा थर फवारून नंतर भिंती काढून टाकल्या आणि आतली पोकळीच उभी केली. पुढच्याच जानेवारीत ती पाडण्यात आली. ते काम मला विलक्षण वाटते, पण माझ्या अडचणीला त्याचा उपयोग नाही, कारण काँक्रीट खरोखर असलेल्या जागेतच शिरते. माझे दोन खण त्याला सापडले नसते.

म्हणून मी ओळ अकरा खणांचीच ठेवली आणि चौक, ओटी, दिंडीदरवाजा हे सर्व नऊ खणांच्या हिशेबाने कोरले. फळीवर त्यामुळे मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा रुंद झाली आणि चौकाच्या कडा तिरक्या गेल्या. वास्तुशास्त्रवाले गोमुखी जागा शुभ मानतात, तेव्हा त्यांची तरी तक्रार नसावी. पहिला ठसा उचलून पाहिला तेव्हा कडीपाटाच्या रेषा स्वयंपाकघराकडे जाताना थोड्या फाकत होत्या, आणि संध्याकाळी दिवा घेऊन तिकडे जाताना वाटणारी लांबी प्रथमच कागदावर उतरली होती.

तो ठसा आईला दाखवला. तिने चष्मा पुसला, बोटाने खांब मोजले आणि स्वयंपाकघराच्या शेवटच्या भिंतीपाशी थांबली. "अगं, इथे दार होतं. पलीकडे तुझ्या चुलत आजोबांची दुधाची खोली. वाटणी झाली तेव्हा ते चिणून टाकलं. तू तीन वर्षांची असशील."

"ती खोली केवढी होती?"

"केवढी असणार? एक खण."

मी दुसऱ्या खणाविषयी विचारले. तिने बराच वेळ आठवून पाहिले आणि त्यापुढे सरळ गल्लीच होती, असे सांगितले.

लाकूडठशात जो भाग कोरून काढावा तो कागदावर पांढरा राहतो आणि न कोरलेला काळा छापला जातो. दुसऱ्या फळीवर मी दुधाची खोली कोरली, तिचे दार उघडे ठेवले, कोनाड्यात एक चरवी ठेवली. तिच्या पलीकडच्या खणाला अजून कोरणी लावलेली नाही.