रॉजर म्हणजे हो नव्हे

परवा कामावर बोलणी खाल्ली, तीही एका शब्दापायी.

पुशबॅक झाला होता, म्हणजे टग नावाच्या ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं होतं, आणि टग सुटलाही होता. मी हेडसेट लावून विमानाच्या नाकापाशी उभी. कॉकपिटमधून प्रश्न आला, "बायपास पिन काढली?" पिन माझ्या हातातच होती, तिची लाल पट्टी वाऱ्यावर फडफडत होती. मी ऐटीत म्हणाले, "रॉजर." पलीकडे शांतता. मग तोच प्रश्न पुन्हा, सावकाश, शब्द सुटे करून. मी पुन्हा "रॉजर". शेवटी सुपरवायझर तरातरा आला, हेडसेट ओढून घेतला आणि "अफर्म" एवढंच बोलला.

टग विमान ढकलत असताना पायलटच्या हातून पुढचं चाक वळू नये म्हणून ही पिन घालतात. ती आतच राहिली तर नंतर पायलटला ते चाक वळवता येत नाही. म्हणजे प्रश्नाला उत्तरं दोनच, हो किंवा नाही. रॉजर या दोन्हींत बसत नाही. त्याचा अर्थ फक्त "ऐकलं". जुन्या रेडिओ वर्णमालेत आर या अक्षराला रॉजर म्हणत, आणि आर म्हणजे रिसीव्ह्ड. 1950च्या दशकात आरचा रोमिओ झाला, रॉजर मात्र जागचा हलला नाही. "करते" म्हणायचं असेल तर विल्को. "हो" म्हणायचं असेल तर अफर्म, आणि तेही अर्धंच तोडून, कारण अफर्मेटिव्ह आणि निगेटिव्ह यांचं शेपूट सारखं. खरखरीत नुसतं शेपूट ऐकू आलं तर पंचाईत.

हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, हे कबूल. पण चारचौघांत "आधी इंग्रजी सुधार" हे कशाला? यांचं इंग्रजी काय आहे ते ऐका. "हँगर क्वीन" ऐकून मला वाटलं, विमानाचं कौतुक चाललंय. निघालं भलतंच: कायम दुरुस्तीला पडलेलं, ज्याचे भाग काढून दुसऱ्या विमानांना लावतात ते. "डेडहेड" ही शिवी वाटली होती. ड्युटीच्या ठिकाणी पोचायला प्रवाशांच्या सीटवर बसून जाणारा क्रू म्हणजे डेडहेड. विमान अलगद टेकलं की "ग्रीझर". यांनी वाटेल ते बोलावं, आणि माझा एक रॉजर चुकला की इंग्रजी कच्चं!

आणि मराठीत हा घोळ झालाच नसता. बरं, हो, करते. तिन्ही वेगळे. "बरं" म्हणणाऱ्याने काही कबूल केलंय असं आपल्यात कोणी धरत नाही.

तरी रात्री झोप लागेना. 27 मार्च 1977, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ. दाट धुकं, धावपट्टीवर दोन जम्बो. एकाच्या कॉकपिटमधून "वी आर नाऊ ॲट टेकऑफ" असं काहीसं मोघम वाक्य गेलं. टॉवरने ऐकलं, हे अजून थांबलेत. प्रत्यक्षात ते धावायला लागले होते. टॉवर म्हणाला, "ओके." पुढे "टेकऑफसाठी थांबा, मी सांगेन" असंही तो म्हणाला, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही रेडिओ दाबला आणि कॉकपिटात "ओके"नंतर रेडिओची नुसती किंचाळी पोचली. 583 माणसं गेली. तेव्हापासून टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी डिपार्चर. माझी पिन आणि ते धुकं यांची बरोबरी नाही, हे मलाही कळतं. पण त्या "ओके"त आणि माझ्या "रॉजर"मध्ये फार अंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार पुशबॅक केले. चारही वेळा "अफर्म", खणखणीत. सुपरवायझरने मान डोलावली. खूश दिसतोय म्हणून लगे हात विचारलं, रविवारची नाइट बदलून द्याल का?

"रॉजर," तो म्हणाला.

रोस्टर आत्ताच बघितला. रविवार, नाइट, माझंच नाव.