यंदा नाताळ कधी?

सणाच्या दिवशी सगळं जग सुट्टीवर जातं, असं म्हणायची पद्धत आहे. वृद्धांच्या शुश्रूषेत नोकरी करणाऱ्याला हे वाक्य ऐकून हसू येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर टाचेला, खुब्याला, माकडहाडाला जखमा होतात, आणि एकदा झालेली जखम भरता भरत नाही. आज पंचवीस डिसेंबर आहे हे त्या कातडीला कोण सांगणार? डायपर बदलायचं असतं, गिळायला त्रास होणाऱ्यांना दाट केलेलं पाणी चमच्याचमच्याने पाजायचं असतं, रात्रीच्या गोळ्या द्यायच्या असतात. हे सगळं करायला कुणीतरी ड्युटीवर असतंच.

त्यामुळे आमच्याकडे नाताळाची पहिली चाहूल लागते ती डिसेंबरच्या ड्युटी चार्टने. झाड, चांदण्या, दिव्यांच्या माळा हे सगळं त्यानंतर. चार्ट भिंतीवर लागला की एकेकाचं बोट चोविसाव्या आणि पंचविसाव्या रकान्यावरून खाली सरकतं आणि मग बाजार भरतो. "तू माझी पंचवीस कर, मी तुझी एकतीस करते." "नाइट नको, सकाळ दे, संध्याकाळी सासरी जायचंय." यात एक न लिहिलेला नियम असतो : ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना पंचवीस मोकळी सोडायची, आणि एकट्यादुकट्यांनी समजून घ्यायचं. हा नियम मला अर्धाच पटतो. मुलांनी वाट बघत बसू नये हे खरं. पण लग्न न झालेल्या माणसाची कुठे कुणी वाट बघतच नसेल, हे गृहीत कुणी धरलं? ज्यांचा हा सण नाही, ते मात्र हिशेबाला पक्के. ते आपण होऊन पंचवीस मागून घेतात आणि आपापल्या सणाला हक्काने मोकळे होतात. सर्वधर्मसमभाव इतका रोखठोक मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

माझी वाट बघणारी मंडळी म्हणजे मित्रमैत्रिणी. आमच्या टोळक्यात एक आयसीयूत सिस्टर आहे, एक ॲम्ब्युलन्सवर असतो, एक अपंग मुलांच्या वसतिगृहात काम करते आणि एकच जण असा आहे की ज्याला शनिवार-रविवार सुट्टी असते. बिचारा. सगळ्यांचे चार्ट हाती येईपर्यंत त्याला काहीच ठरवता येत नाही. मग ग्रुपवर प्रश्न पडतो, "यंदा नाताळ कधी?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न वेडगळ वाटेल. आमच्यासाठी तो अगदी व्यवहाराचा आहे. कधी बावीस निघते, कधी एकोणतीस. एखाद्या वर्षी जानेवारीचा पहिला आठवडाही उजाडतो.

आणि यात आम्ही काही फार मोठं पाखंड करतो असंही नाही. येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे बायबलमध्ये दिलेलंच नाही. पंचवीस डिसेंबरची नोंद रोममध्ये ३५४ साली सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात सापडते. म्हणजे तारीख ठरायलाच तीनशेहून जास्त वर्षं गेली. आर्मेनियन चर्च सहा जानेवारीला नाताळ करतं. रशियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सात जानेवारीला करतात, कारण त्यांच्या चर्चने जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडलं नाही आणि ते सध्या तेरा दिवस मागे चालतं. युक्रेनने तर २०२३ मध्ये कायदा करून सात जानेवारीची सरकारी सुट्टी रद्द केली आणि पंचवीस डिसेंबर तेवढी ठेवली. आख्ख्या देशाला तारीख बदलता येते, तर आम्हा पाचजणांना का नाही? ब्रिटनमधल्या श्रीमंत घरांतले नोकर तर पंचवीसला मालकांच्या जेवणावळी उठवायचे आणि सव्वीसला भेटीची पेटी घेऊन आपल्या घरी जायचे. त्यांचा सण एक दिवस उशिरानेच उजाडायचा. ड्युटी चार्ट तेव्हाही होता, भिंतीवर लावलेला नव्हता इतकंच.

आता स्वयंसेवकांविषयी. हे जरा जपून लिहायला हवं, कारण माणसं चांगली असतात.

डिसेंबरच्या मध्यापासून आमच्याकडे माणसांचा पूर येतो. शाळेची मुलं गाणी म्हणायला येतात, कंपन्यांचे गट एकसारखे टी-शर्ट घालून येतात, कुणी भेटवस्तू घेऊन, कुणी सांताची दाढी लावून. एका दुपारी दोन-दोन गायनमंडळं. पहिल्याला टाळ्या वाजवून दमलेले आजोबा दुसऱ्याच्या वेळी डोळे मिटून घेतात आणि गाणाऱ्यांना वाटतं, तल्लीन झाले. स्मृतिभ्रंश असलेल्यांना तर गर्दी, लखलखाट आणि अनोळखी चेहरे एकदम सोसत नाहीत. एरवीही संध्याकाळ झाली की त्यांच्यातल्या कित्येकांचा गोंधळ वाढतो, घरी जायचंय म्हणून दाराशी येऊन उभं राहणं सुरू होतं. त्यात भर म्हणून पाच वाजता कुणी ढोल आणला, की पाहुणे खुशीत परत जातात आणि रात्रपाळीचे लोक मध्यरात्रीपर्यंत समजुती काढत बसतात.

गाण्याच्या विरोधात मात्र मी नाही. नातवाचं नाव गेलं, जेवलो का हे गेलं, तरी लहानपणी पाठ झालेलं गाणं शब्दांसकट शाबूत राहिलेलं मी पाहिलं आहे. पण त्यासाठी वीसजणांचं मंडळ लागत नाही. शेजारी खुर्ची ओढून बसलेला एकजण पुरतो. तो बसलेला हवा, हे महत्त्वाचं. व्हीलचेअरवरच्या माणसाशी उभ्याने बोललं की त्याला आपल्या पँटचा पट्टा दिसतो. आणि "ओळखलंत का मला?" हा प्रश्न तर दारावर पाटी लावून बंद करावा. ज्याची आठवण गळते आहे त्याची परीक्षा घ्यायची कशाला? "मी अमुक, तुमच्याशी गप्पा मारायला आलोय," एवढं सांगितलं की समोरच्याची लाज राखली जाते. नव्या स्वयंसेवकाला मी पहिल्यांदा हेच दोन धडे देते. तिसरा धडा, आल्याबरोबर फोटो काढायचा नाही. यावर हमखास एखादा चेहरा पडतो.

खरी अडचण पुढे आहे. पंचवीसला मदत करू म्हणणाऱ्यांची यादी दिवाळीच्या आसपासच भरून जाते. उरलेल्यांना आम्हाला नम्रपणे नाही म्हणावं लागतं. फेब्रुवारीत त्याच खुर्च्या रिकाम्या. थंडी तीच, माणसं तीच, दुपारचे दोन ते पाच हे न सरणारे तास तेच. फक्त सण नसतो. फेब्रुवारीतल्या मंगळवारी येणारा एक माणूस मला नाताळच्या दहाजणांपेक्षा जास्त कामाचा वाटतो, आणि हे मी त्या दहाजणांच्या तोंडावरही सांगते. काहींना राग येतो. काही खरंच फेब्रुवारीत उगवतात.

यावर कुणी विचारतं की मग नाताळची ही सगळी आरास, भेटी, फुलं फुकटच का? तर नाही. पॅरिसमध्ये १९४६ साली आर्माँ मार्किझे नावाच्या माणसाने एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक संस्था काढली. युद्ध नुकतंच संपलेलं, लोकांना पोटभर मिळत नव्हतं, आणि या गृहस्थाचं ब्रीद काय, तर 'भाकरीआधी फुलं'. ती संस्था आजही आहे आणि नाताळला एकट्यांना पंगतीला बसवते. ब्रीद पहिल्यांदा ऐकताना भरल्या पोटीचं वाटतं. पण भाकर देणारी यंत्रणा कशीबशी उभी करता येते. आपल्यासाठी कुणी खास काही आणलं, हे चार्टमध्ये बसवता येत नाही. आमच्याकडच्या एका आजींना दरवर्षी मिळणाऱ्या मोज्यांपेक्षा एकदा कुणीतरी आणलेली नेलपॉलिशची बाटली जास्त आवडली होती. नव्वदीच्या घरातल्या बाईला लाल रंग द्यावा असं सुचणाऱ्या त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं.

चोविसची रात्र मात्र ड्युटीवरच्यांची खास. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९८ ते २०१३ या काळातले दोन लाख त्र्याऐंशी हजार हृदयविकाराचे झटके तपासले. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस डिसेंबरला, म्हणजे तिथल्या मुख्य सणाच्या दिवशी, झटक्याचा धोका ३७ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि त्यातही रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त. पंचाहत्तरीपुढच्यांत आणि मधुमेह किंवा हृदयविकार आधीपासून असलेल्यांत तो अधिक. कारण अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. ताण, राग, दुःख, जड जेवण असे अंदाज आहेत. आमच्या ॲम्ब्युलन्सवाल्या मित्राला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "दहा वाजता सगळे नातेवाईक एका खोलीत असतात, अजून काय कारण पाहिजे?"

तो बोलतो असं, पण चोविसची नाइट तो सहसा सोडत नाही. मलाही ती आवडते. साहेबलोक नसतात, फोन वाजत नाहीत, ज्यांना झोप येत नाही त्यांच्याजवळ बसायला वेळ मिळतो. दिवसपाळीला असं बसलं तर काम टाळल्यासारखं दिसतं. सकाळी हँडओव्हर देताना "मेरी ख्रिसमस" म्हणायचं, कुणाला रात्री दोनदा उठवावं लागलं ते सांगायचं आणि घरी जाऊन पडदे ओढून झोपायचं. बाहेर सण चालू असतो, असू दे.

यंदा पाचही चार्ट समोर ठेवले आणि डिसेंबर गेला, जानेवारीही गेला. सगळ्यांना एकदम मोकळा असा दिवस निघाला तो थेट फेब्रुवारीत, तोही मंगळवार. शनिवार-रविवारवाल्या मित्राने रजा टाकली. मग माझ्या मनात आलं की दुपारी दोन ते पाच सगळ्यांनी आमच्याकडे यावं, खुर्च्या रिकाम्याच असतात, आणि जेवण त्यानंतर. ग्रुपवर टाकलं. आयसीयूवाली म्हणाली, सुट्टीच्या दिवशी पुन्हा पेशंटच बघायचे का? ॲम्ब्युलन्सवाल्याने अट घातली की तो कुणालाही उचलणार नाही, फक्त पत्ते खेळेल. वसतिगृहवालीने नेलपॉलिशचे रंग विचारले. आणि ज्याने रजा टाकली होती तो फारच खूश होता, कारण फेब्रुवारीत नाताळच्या सगळ्या भेटवस्तू निम्म्या किमतीत मिळतात.