हुगळीकाठचं श्रीरामपूर

श्रीरामपूरला जाऊन आले म्हटलं की ओळखीचे हमखास विचारतात, “मग, ऊस कसाय यंदा?” नगरकडचं नव्हे हो, बंगालमधलं. हावड्याहून लोकलने पाऊण तासाच्या आत येतं.

गेले होते मोडीपायी. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचा मराठी कोश १८१० साली तिथे मोडीत छापला गेला, हे आमच्या मोडीच्या वर्गात कळलं होतं. मोडीत आधी रेघ ओढायची, मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरं लोंबकळवत न्यायची. एकमेकांत अडकलेली ती अक्षरं सुटी करून त्यांचे छपाईचे खिळे पाडायचे, तेही बंगाली कारागिरांनी! मला अजून नीट ‘झ’ जमत नाही.

पण परत आले ती डोक्यात वेगळंच घेऊन.

कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून कॅरी आणि त्याचे सोबती डॅनिश राजाच्या या गावात आली. नदीजवळ घर घेतलं आणि २४ एप्रिल १८०० रोजी बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली. पाळक कॅरी, मूळचा चांभारकाम करणारा. चर्च म्हणजे शिखर, घंटा वगैरे काही नाही. घराच्या मधल्या दालनात उपासना.

बॅप्टिस्टांकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. जाणत्या माणसाने स्वतः ठरवायचं आणि पाण्यात पुरतं बुडायचं. त्यामुळे हुगळी सोयीचीच होती. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला होता, तो मिशनच्या डॉ. टॉमसनी बसवला. पुढे त्याने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. २८ डिसेंबर १८०० रोजी कॅरी घाटाकडे निघाला. एका बाजूला थोरला मुलगा फेलिक्स, दुसऱ्या बाजूला कृष्ण, दोघांचाही बाप्तिस्मा. डॅनिश गव्हर्नरच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात.

आणि त्याच वेळी वाटेच्या एका बाजूला डॉ. टॉमस, इतक्या वर्षांनी पहिला माणूस मिळाल्याच्या आनंदाने भ्रमिष्ट झालेले, खोलीत बरळत होते. दुसऱ्या बाजूच्या खोलीतून डोरोथीच्या किंकाळ्या. डोरोथी म्हणजे कॅरीची बायको, फेलिक्सची आई.

तिला हिंदुस्थानात यायचंच नव्हतं. आधी नाहीच म्हणाली होती. मग समजूत घातली, तेव्हा बहिणीला सोबत घेऊन निघाली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आजारात गेला आणि त्यानंतर तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही.

मिशनने तिथे पुष्कळ केलं, नाकारत नाही. १८०३ मध्ये कृष्ण पालच्या मुलीचं लग्न ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण मुलाशी लागलं. सुताराची लेक आणि ब्राह्मण जावई, त्या काळात! कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं. मोडीवाल्यांनी तर हात जोडावेत असं काम.

पण घाटावर बराकपूरची होडी सुटताना बघत उभी होते, तेव्हा व्याकरण कुठलं आठवतंय. पोटचा पोर नदीत बुडून वर येतोय आणि आई भिंतीआड ओरडतेय, एवढंच. ती १८०७ च्या डिसेंबरात गेली. पुढच्या मेमध्ये कॅरीने दुसरं लग्न केलं. डोरोथीला लिहितावाचता येत नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली होती.